ठिबक सिंचनाच्या फिल्टरमधील सीलची निवड

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बागायतीला कुकडी प्रकल्पातील येडगाव, डिंभे आदी धरणांचे पाणी मिळते. त्यातील गाळ व शेवाळ ड्रिपरपर्यंत पोहोचू नये म्हणून फिल्टर बसवितात. फिल्टरच्या आतील सील निकामी झाल्यास बाहेर थेंबही न गळता गढूळ पाणी परस्पर पुढे जाते. सीलसाठी नायट्राईल व ईपीडीएम ही रबरे प्रचलित आहेत. नायट्राईल तेलात टिकते. मात्र क्लोरीन व ऊन यांमुळे कडक होऊन भेगाळते. शेवाळनाशासाठी क्लोरीन वापरणाऱ्या बागेत म्हणूनच ईपीडीएम अधिक विश्वसनीय ठरते. त्याचे वैर खनिज तेलाशी! बसविताना पंपाचे साधे ग्रीस लावल्यास ते फुगते; तेथे सिलिकॉन ग्रीसच हवे. दोन्ही रबरे बहुधा काळीच असल्याने सील मागताना मापाबरोबर रबराचा प्रकारही सांगावा लागतो.