जाड भिंती आणि वाय-फाय

बीदरचा किल्ला ज्या जांभ्याने बांधला, त्याच दगडाच्या जाड भिंती तिथल्या कित्येक जुन्या घरांनाही आहेत. अशा घरातल्या चार संगणकांच्या कार्यालयात केबलऐवजी वाय-फाय बसवायचं, तर आधी भिंती पाहा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे १२.५ सेंटिमीटर लांब. ती भिंत बऱ्यापैकी ओलांडते. ५ गिगाहर्ट्‌झवर माहिती जास्त वेगाने जाते, पण ती ६ सेंटिमीटरची लहर दगडात लवकर क्षीण होते. म्हणून राउटर मधल्या खोलीत, उंचावर ठेवा. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात. त्यामुळे जागचा न हलणारा प्रिंटर केबलवरच राहू द्या. लहरी रस्त्यापर्यंत पोचतात. म्हणून डब्ल्यूपीए-३ किंवा निदान डब्ल्यूपीए-२ सुरक्षा आणि भक्कम पासवर्ड हवाच.