डिझेलचा पंप उतरवून गॅसचा मिक्सर

खोपटच्या एसटी स्टँडवर डिझेल बस आणि सीएनजी बस शेजारी उभ्या असल्या, की आवाजावरूनच ओळखता येतात. एसटी महामंडळाने काही जुन्या डिझेल गाड्या गॅसवर आणल्या. जुना ट्रक बाळगणाऱ्यांच्या मनातही तेच घोळत असतं. त्याला आपण 'किट बसवणं' म्हणतो खरं, पण पंप-नोझलच्या इंजिनात हे काम टाक्या आणि नळ्यांवर भागत नाही. इंधन पेटवायची रीतच बदलावी लागते.

डिझेल इंजिनात प्लग नसतो. पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो. त्या दाबाने हवा इतकी तापते, की नोझलमधून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेलला त्यासाठी सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता पुरते. सीएनजीला सुमारे 540 अंश लागतात. म्हणून गॅसला ठिणगी हवी. पंप उतरवतात, नोझल काढतात आणि हेडमधली त्यांची भोकं प्लगच्या आट्यांसाठी नव्याने करून घेतात. पंप फिरवणाऱ्या गिअरवर डिस्ट्रिब्युटर येतो, नाहीतर फ्लायव्हीलजवळ सेन्सर.

मग पिस्टन. सतराचं कॉम्प्रेशन अकराच्या आसपास आणायला पिस्टनच्या डोक्यातला खड्डा लेथवर मोठा करतात, किंवा वेगळे पिस्टन टाकतात. पैसे वाचवायला हेच काम टाळावंसं वाटतं. ते टाळू नये. जास्त दाबलेला गॅस वेळेआधी भडकतो, इंजिन ठोकायला लागतं आणि शेवटी पिस्टन जळतो.

आता मिक्सर. हा गॅसचा कार्बोरेटरच. एअर क्लीनरकडून येणारी हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब उतरतो आणि गळ्याभोवतीच्या बारीक छिद्रांतून गॅस ओढला जातो. इंजिन जितकी हवा ओढेल, त्या प्रमाणात गॅस. पुढे थ्रॉटलची झडप असते. जुन्या डिझेलला ती नव्हती. तिथे ॲक्सिलरेटर हवेला हात न लावता फक्त डिझेल कमी-जास्त करायचा. पंपाबरोबर त्यातला गव्हर्नरही जातो, म्हणून इंजिनाच्या फेऱ्यांना लगाम घालायची सोय वेगळी करावी लागते.

टाकीत गॅस 200 बारला भरलेला असतो, तर मिक्सरला तो जवळजवळ बाहेरच्या हवेइतक्या दाबाने हवा असतो. ही उतरंड रेग्युलेटर करतो. एवढा दाब उतरला, की गॅस गारठतो आणि रेग्युलेटरवर बर्फ धरतो. त्यासाठी रेडिएटरचं गरम पाणी त्याच्यातून फिरवतात. थंडीत पहाटे गाडी आचके देत असेल, तर आधी ती पाण्याची नळी बघावी.

किट त्याच मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं असावं. पुण्याची एआरएआय अशा किटची चाचणी घेते. टाक्यांची मान्यता नागपूरच्या पेसोच्या हाती आहे, आणि त्यांची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. आरसीवर इंधनाचा बदल आरटीओतून चढवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

ओढ थोडी कमी होणार, हे धरूनच चालावं. गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण दहाव्या हिश्शाने घटते. भरलेली गाडी कसारा घाटात चढवताना हे जाणवतं. शिवाय गॅस कोरडा आणि एक्झॉस्ट जास्त तापलेला, त्यामुळे व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेटचा गॅप मिटत जातो. डिझेलपेक्षा तो लवकर-लवकर तपासावा, आणि हेड उघडलेलं असतानाच कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात.