जोड ऐकू येऊ नये म्हणून

निवेदकाच्या आवाजातला 'खरा' हा शब्द संगणकाच्या पडद्यावर झूम करून पाहिला, की त्याच्या सुरुवातीचे तीन भाग डोळ्यांना वेगळे दिसतात. आधी एक बारीक उभी उसळी, म्हणजे जीभ टाळूपासून सुटल्याचा स्फोट. मग खरखरीत, अनियमित पट्टा. ती नुसती हवा. आणि स्वरयंत्र कंप पावू लागतं तिथून 'अ'च्या ठळक, एकसारख्या लाटा. मधला हवेचा पट्टा निवडा, कापा आणि पुढचा भाग मागे ओढून जोडा. आता 'करा' ऐकू येतं. कापलेला तुकडा असतो सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाएवढा.

महाप्राण आणि अल्पप्राण हा फरक आपण शाळेच्या व्याकरणात शिकतो. तो मिलिसेकंदांत मोजला ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञांनी. स्फोटापासून स्वरयंत्राचा कंप सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी 11 भाषांमध्ये तपासलं. त्यांचा निबंध 1964 साली प्रसिद्ध झाला आणि त्या 11 भाषांमध्ये मराठीही होती. 'क'मध्ये हा वेळ वीस-पंचवीस मिलिसेकंद, तर 'ख'मध्ये ऐंशी-नव्वदच्या घरात. मराठी ऑडिओ बुक एडिट करणाऱ्याने हा आकडा मनात ठेवायलाच हवा, कारण घाईत मारलेला एक कट अर्थ बदलू शकतो. कापायची सोयीची जागाही उच्चारातच दडलेली असते. क, ट, त, प उच्चारताना स्फोटाच्या आधी तोंड क्षणभर पूर्ण बंद असतं. त्या शांततेत कट बेमालूम लपतो.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, त्याला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. स्टुडिओच्या बोलीत 'डॉ'. प्रो टूल्स, क्यूबेस, रीपर ही त्यातली ओळखीची नावं. पडद्यावर एकाखाली एक ट्रॅक, डावीकडून उजवीकडे सरकणारा वेळ आणि त्यावर मांडलेल्या रंगीत क्लिप. क्लिप कापली, उचलली, दुसरीकडे ठेवली, तरी डिस्कवरच्या मूळ आवाजाला धक्का लागत नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकाला हात न लावता 'अमुक पान, अमुक ओळीपासून अमुक ओळीपर्यंत वाच' अशी चिठ्ठी लिहून ठेवावी, तशी प्रोजेक्टची फाइल असते. आवाजाच्या फाइलमध्ये सेकंदाला 44,100 किंवा 48,000 आकडे साठवलेले असतात. प्रोजेक्टमध्ये फक्त एवढंच लिहिलेलं असतं, की कितव्या आकड्यापासून कितव्यापर्यंत वाजवायचं आणि कधी. म्हणूनच महिन्याभरानंतरही 'खरा'मधली हवा परत आणता येते. म्हणूनच नुसती प्रोजेक्ट फाइल मेल करणाऱ्याला पलीकडून फोन येतो, की क्लिप दिसतायत पण काही वाजत नाही. आवाजाच्या फाइलींचा फोल्डर सोबत गेलाच पाहिजे.

कापणं असं सोपं झालं. अवघड राहिली ती जोड. दोन क्लिप नुसत्या शेजारी ठेवल्या तर सांध्यावर पुष्कळदा 'टक्' असा आवाज येतो. पहिली क्लिप संपते तिथं लाट वर असते, दुसरी सुरू होते तिथं खाली. स्पीकरच्या पडद्याला सेकंदाच्या 48 हजाराव्या भागात ही उडी मारायला सांगितली जाते. इतक्या आकस्मिक उडीत खर्जापासून अतितारापर्यंत सगळ्या कंप्रता थोड्याथोड्या असतात आणि कान ती लगेच पकडतो. यावर शिकवला जाणारा पहिला उपाय म्हणजे लाट शून्य रेषा ओलांडते तिथंच कापायचं. पण एक लाट वर चढताना शून्यावर असेल आणि दुसरी उतरताना, तर उंची जुळते, दिशा जुळत नाही. खात्रीचा उपाय क्रॉसफेड. पहिला आवाज उतरत जातो, त्याच वेळी दुसरा चढत जातो. बोलण्यात पाच-दहा मिलिसेकंद बहुधा पुरतात.

इथं गणित एक गंमत करतं. दोन वेगवेगळे टेक सरळ रेषेत फेड केले, तर मध्यावर दोन्ही निम्म्यावर असतात आणि आवाज 3 डेसिबलने खचतो, कारण एकमेकांशी न जुळणाऱ्या लाटांची शक्ती बेरजेला येते, उंची नाही. तिथं वक्र फेड लागतो, ज्यात मध्यावर प्रत्येक आवाज 0.707 पट असतो. तोच वक्र एकाच ध्वनीच्या दोन तंतोतंत जुळणाऱ्या तुकड्यांना लावला, तर मध्ये फुगवटा येतो. सॉफ्टवेअरमध्ये फेडचे दोन-तीन आकार यासाठीच दिलेले असतात.

टेपच्या काळात क्रॉसफेड ब्लेडने होत असे, याचं मला फार कौतुक वाटतं. पाव इंच रुंदीची टेप खाचेत बसवायची आणि 45 अंशांत तिरकी कापायची. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल, तर त्या तिरक्या काठाला हेडसमोरून जायला सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे जवळजवळ 17 मिलिसेकंद लागत. तेवढ्या वेळात एक आवाज ओसरून दुसरा भरत असे. ब्लेडचं हे काम संगणकावर आणण्यात थॉमस स्टॉकहॅम हे अभियंते अग्रभागी होते. 1975 साली त्यांनी सॉल्ट लेक सिटीत साउंडस्ट्रीम ही कंपनी काढली आणि तिथं रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर घेऊन जोडली जाऊ लागली. त्याआधी 1974 साली, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष निक्सन यांच्या व्हाइट हाउसमधल्या टेपवर साडेअठरा मिनिटांचा जो कोरा भाग होता, त्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांमध्येही ते होते. तो भाग किमान पाच वेगवेगळ्या वेळा पुसला गेला, असा निष्कर्ष निघाला; मशीन सुरू-बंद झाल्याच्या खुणा टेपवर राहिल्या होत्या.

शांतताही कोरी नसते. खोलीचा स्वतःचा मंद आवाज असतो, पंखा असतो, दूरची रहदारी असते. दोन वाक्यांच्या मध्ये पूर्ण शून्य ठेवलं, की फोन कट झाल्यासारखं वाटतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या शेवटी अर्धा-एक मिनिट कुणीही न बोलता खोलीचा आवाज घेऊन ठेवावा आणि रिकाम्या जागा त्याने भराव्यात. निवेदकाचे श्वास सरसकट काढण्याची सध्या पद्धत पडली आहे, ती मला साफ चुकीची वाटते. मोठ्या वाक्याआधी घेतलेला श्वास ऐकणाऱ्यालाही तयार करतो. खटकणारा श्वास हळू करावा, पुसू नये.

आपल्या शास्त्रीय संगीतात जोड आणखी कठीण. गायकाच्या माइकमध्ये तानपुरा शिरलेला असतो. दोन टेक जोडताना आवाज बेमालूम जुळला, तरी तानपुऱ्याच्या चार तारांचं आवर्तन मध्येच तुटतं आणि जाणकार कान तिथं अडखळतो. त्यामुळे कट कोणत्या तारेवर पडतो हेही पाहावं लागतं, नाहीतर तानपुरा गायकाच्या हेडफोनमध्ये देऊन वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा लागतो. पुढचा प्रश्न लयीचा. सॉफ्टवेअरचं ग्रिड एका ठरलेल्या गतीवर आखलेलं असतं. ख्याल मात्र हळूहळू चढत जातो. दहाव्या मिनिटाची तान पाचव्या मिनिटाला नेऊन ठेवली, तर लय दचकते. ती ताणून बसवायची सोय आहे, पण फार ताणलं की तबल्याच्या 'ना'ची धार जाते, ठोका दुपदरी वाजतो. त्यापेक्षा ग्रिड बंद करावं, प्रत्येक समेवर खूण टाकावी आणि त्या खुणांवरून सॉफ्टवेअरला गतीचा नकाशा काढायला लावावा. मग ग्रिड गायकाच्या मागून चालतं, आणि झपतालाच्या दहा मात्रांचं आवर्तन उचलून हलवायचं, तर ते लय जुळणाऱ्या जागीच नेता येतं.