दुसऱ्याच्या मुलाची खंडणी

अपहरण व खंडणी यांवरील चित्रपट म्हटला, कीं पाठलाग, पिस्तुलें आणि शेवटीं दुष्टाचा पाडाव एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीं १९६३ सालीं काढलेला ‘तेंगोकु तो जिगोकु’, म्हणजे ‘स्वर्ग आणि नरक’, हा चित्रपट त्याहून खोल जातो.

योकोहामा शहरांत टेकडीवर राहणारा गोंदो हा जोडे तयार करणाऱ्या कंपनीचा अधिकारी. कंपनी हातीं यावी म्हणून घरदार गहाण टाकून त्यानें पैसा उभा केलेला असतो. तोंच टेलिफोन येतो : मुलगा हवा असेल, तर तीन कोटि येन द्या. इतक्यांत त्याचा मुलगा खेळतां खेळतां घरांत शिरतो! पळविलेलें मूल त्याच्या मोटारचालकाचें असतें. चूक कळूनहि गुन्हेगार मागणी सोडीत नाहीं.

खरा पेंच येथें आहे. खंडणीखोराचें भांडवल म्हणजे दुसऱ्याची माया. पोटच्या मुलासाठीं बाप सर्वस्व देईल. पण चाकराच्या मुलासाठीं? एड मॅकबेन यांच्या ज्या १९५९ च्या कादंबरीवर ही कथा बेतली आहे, तींतील धनिक पैसे देण्याचें नाकारतो. गोंदोहि प्रथम नाकारतो. अखेर मात्र देतो.

खंडणी उचलण्याचा क्षण गुन्हेगाराला सर्वांत धोक्याचा. कारण तेव्हां त्याला जवळ यावें लागतें. म्हणून तो गोंदोला ‘कोदामा’ या जलद गाडींत बसवितो. गाडीच्या खिडक्या बंद. फक्त हात धुण्याच्या खोलीची खिडकी सात सेंटिमीटर उघडते, आणि पैशांच्या बॅगाहि तेवढ्याच जाडीच्या मागविलेल्या! नदीच्या पुलापाशीं मूल दिसतें, बॅगा बाहेर पडतात. गाडींतील पोलिसांना उतरतां येत नाहीं. पण पोलिसांनींहि बॅगांत एक पूड दडविलेली असते. बॅग जाळली जाते आणि कृष्णधवल चित्रांत धुराड्यांतून गुलाबी धूर निघतो!

जपानांत खंडणीसाठीं अपहरण हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंडसंहितेंत १९६४ सालीं घातला गेला. कायदा चोराला शिक्षा करील. पण परक्या मुलासाठीं घर गमावण्यास तो कोणासहि भाग पाडूं शकत नाहीं. जन्मभर परक्यांचींच मुलें सांभाळलेल्या माझ्यासारख्या मास्तराला म्हणूनच त्या गुन्हेगाराच्या चतुराईपेक्षां गोंदोचा होकार अधिक मोलाचा वाटतो.