कंपनांचा बंदोबस्त

लातूरच्या मोंढ्यावर सोयाबीन आणि तूर घेऊन येणाऱ्या, किंवा अर्धापुराच्या बागांतून केळीचे घड भरून नांदेडकडे निघणाऱ्या पिकअप गाड्यांचे आयुष्य दोन अत्यंत भिन्न प्रकारच्या रस्त्यांवर व्यतीत होत असते. औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा आणि नांदेड यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर गाडी वेगाने धावते हे खरे. परंतु त्या महामार्गास लागण्यापूर्वी तिला जो शिवरस्ता तुडवावा लागतो, तो काळ्या मातीवर बसविलेला असतो, आणि ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर अंथरलेली खडी आणि डांबर एका जागी स्वस्थ राहू शकत नाही. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून निर्माण झालेल्या या मातीत स्मेक्टाइट वर्गाची चिकणखनिजे विपुल असतात. त्यांचे सूक्ष्म पापुद्रे पाण्याचे रेणू आपल्यामध्ये सामावून घेऊन एकमेकांपासून दूर सरतात, आणि कापसाला व सोयाबीनला वरदान ठरणारा मातीचा हा गुण रस्त्याला मात्र शाप ठरतो. त्या शापाचा पहिला आघात पिकअपच्या पुढच्या चाकांवर होतो.

हा आघात कोण सोसतो, याविषयी चालकांमध्ये एक दृढ गैरसमज आहे. गाडीचा भार शॉक (म्हणजे शॉक अॅब्झॉर्बर) उचलतो, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः भार उचलण्याचे काम पाट्यांचे असते, किंवा ज्या गाड्यांना पुढे पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग असते त्यांत त्या स्प्रिंगचे असते. पाटा खड्ड्यातील धक्क्याची ऊर्जा साठवतो. परंतु साठवलेली ऊर्जा तो बहुतांशी परत करतो, आणि मग गाडी वर उडते, पुन्हा खाली बसते, पुन्हा उडते. या परत येणाऱ्या ऊर्जेची कायमची वासलात लावणे एवढेच शॉकचे कर्तव्य आहे. भारामुळे पाटा सहा सेंटिमीटर दबत असेल, तर गाडीचा पुढचा भाग सेकंदाला सुमारे दोन हेलकावे घेण्याच्या प्रवृत्तीचा असतो, हे शालेय भौतिकशास्त्रातील सूत्रावरूनच काढता येते. शॉक निरोगी असेल, तर एका हेलकाव्यानंतर कंपनाचा विस्तार सातव्या हिश्शावर येतो. तो निकामी झाला आणि केवळ किरकोळ घर्षणच उरले, तर सात हेलकावे होऊन गेले तरी नववा हिस्सा शिल्लक राहतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्या अवधीत सुमारे अठ्ठावन्न मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या सर्व अंतरात तिच्या पुढच्या टायरांचा जमिनीवरील दाब क्षणात वाढत आणि क्षणात घटत असतो. दाब घटलेल्या क्षणी ब्रेक दाबला, तर चाकाला जमीन पुरेशी धरता येत नाही. म्हणून निकामी शॉक ही केवळ गैरसोयीची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे, आणि मला या विषयाचे अगत्य वाटते ते मुख्यतः यासाठी.

शॉकच्या पोटात तेल असते, त्या तेलात दांड्याच्या टोकाशी बसविलेला दट्ट्या असतो, आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. चाक वर उचलले किंवा खाली गेले, की तेलाला या अरुंद वाटांतून बळाने जावे लागते, आणि त्या ओढाताणीत गतिज ऊर्जेची उष्णता होते. दट्ट्याचा वेग जितका अधिक, तितका तेलाचा विरोध अधिक. शिवाय झडपांची रचना अशी असते, की दांडा आत जाताना विरोध कमी आणि बाहेर ओढला जाताना पुष्कळ अधिक व्हावा, कारण खरी उडी असते ती पाटा उलगडतानाची. बहुतेक गाड्यांत एकात एक अशा दोन नळ्यांचा शॉक असतो. खडबडीत वाटेवर जलद हालचालीने तेलात फेस होतो आणि फेसाळलेले तेल विरोध करीनासे होते. त्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास ख्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बाँ या फ्रेंच अभियंत्याने एकाच नळीत तेलावर नायट्रोजन वायूचा दाब ठेवण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली, आणि आज दुनळी शॉकमध्येही अल्प दाबाचा वायू भरण्याची चाल पडली आहे.

आता निदानाकडे वळू. नांदेडच्या एका गॅरेजात पावसाळा सरता सरता आलेली एक पिकअप माझ्या स्मरणात आहे. चालकाची कैफियत थोडक्यात अशी होती : "उस्ताद, पाटा बसलाय वाटतं, गाडी लई उड्या मारायलीय, अन् ब्रेक लावला की नाक टेकायलीय." उस्तादांनी पाट्याकडे ढुंकूनही न पाहता पुढच्या डाव्या टायरवरून उलट-सुलट हात फिरवला आणि म्हणाले, "पाटा बसला असता तर गाडी एका अंगाला कलली असती. हे टायर बघा, चट्टे पडलेत." टायर एका कडेने झिजलेले नव्हते, तर परिघावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे उमटले होते. एका कडेची झीज अलाइनमेंटकडे बोट दाखवते. परंतु असे चट्टे म्हणजे चाक जमिनीवर टेकून न राहता आपटत चालले असल्याचा लेखी पुरावाच होय. त्यानंतर त्यांनी बॅटरी धरून शॉकची नळी दाखवली. तिच्यावर तेलाने भिजलेल्या धुळीचा काळा लगदा चढला होता, आणि तो पुसून काढताच काही वेळाने दांड्याच्या मुळाशी तेलाची ताजी ओल फुटली. नळीवर तेलाचा निव्वळ पुसट ओशटपणा असेल तर घाबरण्याचे कारण नसते. दांडा तेवढा ओलावा आपल्यासोबत बाहेर आणतोच. ओघळ मात्र सील कापले गेल्याची निशाणी आहे.

येथे पुष्कळ मिस्त्री थांबतात, आणि नवा शॉक बसवून गाडी रवाना करतात. उस्ताद थांबले नाहीत. सील कापले का गेले, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर चेसिसच्या खाली सापडले : ज्या बंप रबरावर अॅक्सल येऊन टेकावा, ते रबर तुटून पडलेले होते. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात अॅक्सलला अटकाव करण्याचे काम बिचाऱ्या शॉकवर येऊन पडले, दट्ट्या तळाशी आदळला, दांडा किंचित वाकला, आणि वाकलेल्या दांड्याने दर फेरीला सीलची एक बाजू घासून काढली. नुकसान डावीकडेच व्हावे यातही नवल नव्हते, कारण एकपदरी रस्त्यावर समोरून वाहन आले की डावे चाक साइडपट्टीत उतरते आणि तुटलेल्या कडेवरून पुन्हा वर चढते.

बोनेटवर दाब देऊन गाडी किती वेळा हलते हे पाहण्याची परीक्षा सर्वश्रुत आहे. परंतु पिकअपच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे. पाट्यांच्या पात्या एकमेकींवर घासतात, आणि हे कोरडे घर्षण, विशेषतः गंज चढलेला असल्यास, हाताने दिलेला हेलकावा जागीच दाबून टाकते, मग शॉक मेलेला का असेना. कोरड्या घर्षणाचा विरोध वेगाबरोबर वाढत नाही. म्हणून गॅरेजात उभी असताना शहाण्यासारखी वागणारी गाडी भरधाव वेगात खड्ड्यावर मात्र बेताल होते. याहून विश्वासार्ह परीक्षा म्हणजे खराब रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवून लगेच दोन्ही शॉकच्या नळ्यांना जपून हात लावणे. काम करणारा शॉक तापलेला असतो. जो थंड राहिला, त्याने ऊर्जा पचवलेलीच नसते.

आवाजाचेही पृथक्करण करावे लागते. लहान खडीवरही खटखट येत असेल, तर बहुधा शॉकच्या टोकाशी असलेल्या कड्यातील, म्हणजे डोळ्यातील, रबरी बुश झिजून छिद्र लांबट झालेले असते; मोठ्या खड्ड्यातच एकदा धाडकन आवाज येत असेल, तर अॅक्सल आदळतो आहे; स्टीअरिंग वळवताना आवाज आला, तर शॉकला दोष न देता बॉल जॉइंट आणि टाय रॉड तपासावेत.

दुरुस्तीसाठी गाडी सपाट, टणक जमिनीवर घेऊन मागच्या चाकांना दगड लावावेत, आणि पुढचा भाग उचलल्यावर तो घोडीवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. गंजलेल्या नटावर आदल्या रात्रीच गंजमोडे तेल सोडून ठेवावे. वायुभरित शॉकजवळ गॅसची ज्योत कदापि नेऊ नये. वरचा नट सोडताना दांडा फिरू लागला, तर त्याच्या चकचकीत अंगाला पक्कड लावण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा, कारण दांड्यावरचा एक ओरखडा नव्या सीलला महिनाभरात फाडू शकतो, आणि नेमक्या याच कामासाठी टोकाला पाना बसण्याजोग्या सपाट कडा ठेवलेल्या असतात. ज्या गाडीत शॉक स्प्रिंगच्या आत बसवून एकच जोडणी केलेली असते, तेथे मात्र स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराखेरीज नटाला हातच लावू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

दुनळी शॉक दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसविण्यापूर्वी तो उभा धरून दांडा सावकाश पूर्ण आत-बाहेर करावा. प्रारंभीचे पोकळ झटके नाहीसे होऊन दोन्ही दिशांना अखंड विरोध जाणवू लागला म्हणजे हवा निघाली. खालच्या डोळ्याचा बोल्ट गाडी अधांतरी असताना केवळ हाताने लावावा आणि ती चाकांवर उभी राहिल्यानंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावा. अन्यथा बुशचे रबर सदैव पिळलेल्या अवस्थेत राहून अकाली फाटते. शॉक जोडीने बदलावेत, हा खर्च वाढविण्याचा डाव नव्हे : एका अंगाला नवा आणि दुसऱ्या अंगाला दमलेला शॉक असला, की दोन्ही चाके धक्क्याला निरनिराळी उत्तरे देतात आणि गाडी ओढ घेऊ लागते.

राहता राहिली ती जुन्याच शॉकला भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंगने बंद करून देण्याची पद्धत. गरीब चालकाची निकड मला कळते, म्हणून तिची हेटाळणी मी करणार नाही. परंतु वेल्डिंगच्या तापाने आतले सील होरपळते, वायूचा दाब परत येत नाही, आणि भरलेले तेल योग्य दाटपणाचे असतेच असे नाही. पैसा तोकडा असेल तर तो नव्या जोडीकरिता राखावा, तोवर माल कमी भरावा आणि वेग आवरावा. उस्तादांनी त्या पिकअपला दोन्ही शॉक नवे घातले, तुटलेल्या बंप रबराच्या जागी प्रथम नवे बसवले, चट्टे पडलेले टायर मागे टाकले, आणि चालकाला बजावले की पाचशे किलोमीटर झाले म्हणजे वरचे-खालचे सगळे नट पुन्हा आवळून घ्यायला यायचे.