नेरळ, ठाकूरवाडी, कशेळे : स्फटिकांतून वाचलेला शिलारस

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ. कर्जत लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला ही स्थानके झोपेतही पाठ असतात. यांतले नेरळ आणि कर्जतनंतर घाटात लागणारी ठाकूरवाडी व खंडाळा ही नावे जगभरच्या ज्वालामुखीशास्त्रज्ञांनाही तितकीच पाठ आहेत. 1980च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतले पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी पश्चिम घाटातले लाव्हाचे थर खालपासून वरपर्यंत चढत गेले, प्रत्येक थराचे नमुने घेतले, त्यांचे रासायनिक पृथक्करण केले आणि सारखा स्वभाव असलेल्या थरांचे गट पाडले. गटांना नावे दिली ती आसपासच्या गावांची : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. दख्खनच्या लाव्हावर आज कुठेही प्रबंध लिहिला गेला, तरी ही गावे त्यात येतातच.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडला. आज तो जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी किलोमीटरांत मोजावी लागते. मलंगगड, चंदेरी, माथेरान ही सगळी त्याचीच झिजून उरलेली रूपे. अंबरनाथचे शिवमंदिर याच काळ्या पाषाणात बांधलेले आहे. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 असा काळ दिलेला आहे. ते बांधणाऱ्या शिलाहार राजांच्या कारागिरांना बारीक पोताचा दगड हवा होता, कारण नाजूक कोरीवकामात तोच नीट वागतो. भूशास्त्रज्ञ मात्र नेमक्या उलट्या दगडाच्या शोधात असतो. ज्याचा पोत भरड आहे, ज्यात मोठमोठे स्फटिक रुतून बसले आहेत, असा दगड त्याला हवा असतो. जमिनीखाली काय घडले ते त्या स्फटिकांनाच ठाऊक असते.

शिलारस जमिनीवर आला की तो झपाट्याने थिजतो आणि त्याचा बारीक, काळपट बेसाल्ट होतो. वर येण्याआधी तो खाली कोठीत साठून राहिला असेल, तर तिथेच हळूहळू थंड होताना त्यात स्फटिक धरू लागतात. आधी ऑलिव्हीन, मग पायरॉक्सिन आणि प्लेजिओक्लेज या खनिजांचे. उद्रेकात हे तयार स्फटिक द्रवाबरोबर वर फेकले जातात आणि थिजलेल्या दगडात अडकून राहतात. म्हणजे एकाच दगडात दोन काळ असतात : बाहेरचा काळपट भाग उद्रेकानंतरच्या थोड्या दिवसांचा, आतले स्फटिक त्याआधीच्या दीर्घ मुक्कामाचे.

आपल्याकडे याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे जायंट प्लेजिओक्लेज बेसाल्ट. अभ्यासक त्याला थोडक्यात जीपीबी म्हणतात. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बी. एम. करमरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष वेधले. करमरकरांनी बोरघाटातल्या रेल्वेमार्गावरचे थरही बारकाईने तपासले होते. जीपीबीचा ताजा तुकडा हातात घेतला की काळ्या पार्श्वभूमीवर लांबट, चपट्या, फिकट पिवळसर-पांढऱ्या पट्ट्या दिसतात. काही बोटाच्या पेराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. दगड उन्हात फिरवला की एखाद्या पट्टीचा सपाट पृष्ठभाग एकदम लखकन चमकतो. स्फटिक त्या पातळीवर सरळ फुटलेला असतो, म्हणून ही चमक. कधी चार-पाच पट्ट्या एका बिंदूतून फुटून फुलासारख्या पसरलेल्या आढळतात. खाणीतल्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांचे सुंदर पांढरे-हिरवे खडे आणि हे स्फटिक यांत गल्लत करू नये. ते खडे लाव्हा थिजल्यानंतर पोकळ्यांतून झिरपलेल्या पाण्यातून जमले. शिलारसाच्या कोठीविषयी त्यांच्याकडून काही कळत नाही.

जीपीबीचे थर घाटात सगळीकडे नसतात. कळसूबाई उपगट या थरांच्या मोठ्या समूहात एक गट संपून दुसरा सुरू होतो, त्या सीमेवर ते येतात. कशेळे, थळ घाट, टनेल फाइव्ह, मंचर, गिरवली ही त्यांची नावे. कशेळे हे नाव कर्जतकरांना चांगलेच ओळखीचे असेल. सीमेवरच ते का येतात, याचे एक पटणारे उत्तर असे : एका गटाचे उद्रेक संपत आले की कोठीत नवा शिलारस येणे मंदावते. उरलेला रस निवत जातो आणि त्यात लोहाचे प्रमाण वाढते. जड ऑलिव्हीन आणि पायरॉक्सिन तळाशी बसतात. प्लेजिओक्लेजची घनता त्या रसाच्या जवळपास असल्याने तो बुडत नाही, तरंगत राहतो आणि वाढत जातो. मग खालून ताज्या रसाचा लोंढा येतो आणि कोठीतला हा स्फटिकांनी भरलेला रस बाहेर ढकलला जातो. कोठी म्हटली की डोळ्यांसमोर लाल द्रवाचे तळे येते. प्रत्यक्षात बराच काळ तिची अवस्था मऊभातासारखी असते : शिते जास्त, त्यांच्या फटींत थोडे पाणी.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे तर दगडाचा पातळ काप काढावा लागतो. हे काम हाताच्या कसबाचे आहे आणि त्याचे मोल फारसे कुणाला कळत नाही, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या करवतीने दगडाची चकती काढतात. तिची एक बाजू घासून गुळगुळीत करतात आणि ती काचपट्टीवर चिकटवतात. मग दुसरी बाजू कार्बोरंडमच्या अधिकाधिक बारीक भुकटीवर घासत जातात, जाडी 0.03 मिलिमीटर होईपर्यंत. एवढ्या जाडीला काळाकुट्ट बेसाल्टही प्रकाश आरपार जाऊ देतो. जाडी ठरवायला कारागीर ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्लेजिओक्लेजचा रंग पाहतो. ठळक पिवळा-केशरी दिसला की काप अजून जाड आहे. करडा-पांढरा झाला की हात थांबवायचा. दोन फेऱ्या जास्त झाल्या तर नमुना भुकटीबरोबर वाहून जातो.

त्या कापात प्लेजिओक्लेजवर काळ्या-पांढऱ्या समांतर रेषा दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाचा मंचक फिरवला की काळ्याच्या जागी पांढऱ्या येतात. मोठ्या स्फटिकांत आणखी एक गोष्ट दिसते. गाभ्यापासून कडेपर्यंत छटा बदलत जाते, कुठे अचानक, कुठे हलकेच. प्लेजिओक्लेजमध्ये कॅल्शियम आणि सोडियम यांची अदलाबदल होऊ शकते. रस गरम असताना वाढलेल्या थरात कॅल्शियम जास्त असते, रस निवत गेला की सोडियम वाढते. गाभ्यात कॅल्शियम जास्त आणि कडेला सोडियम जास्त, हा नेहमीचा क्रम. मध्येच कॅल्शियम पुन्हा उसळले तर त्या वेळी कोठीत ताजा, गरम रस आला असण्याची शक्यता मोठी. एखादा जुना थर चाळणीसारखा कुरतडलेला दिसला तर त्या गरम रसाने स्फटिक अर्धवट विरघळवला आणि पुढे तो पुन्हा वाढला, असे समजायचे.

छटेवरून अंदाज येतो, आकडा मिळत नाही. आकडा देते ते इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे यंत्र. रेमों कास्तँ यांनी पॅरिसमध्ये 1951च्या आपल्या प्रबंधात त्याचा पाया घातला. पवईला आयआयटी मुंबईच्या भूविज्ञान विभागात असे यंत्र राष्ट्रीय सुविधा म्हणून आहे. काप आरशासारखा घासून त्यावर कार्बनचा अतिशय पातळ लेप देतात, कारण दगडातून वीज वाहत नाही आणि लेपाशिवाय त्यावर विद्युतभार साठतो. मग निर्वात पोकळीत साधारण 15 किलोव्होल्टने वेगवान केलेल्या इलेक्ट्रॉनांचा झोत एका ठिपक्यावर रोखतात. तिथले प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण सोडते. ते मोजायचे आणि रचना माहीत असलेल्या खनिजाशी ताडून पाहायचे. प्लेजिओक्लेजची एक खोड चालकाला सांभाळावी लागते : झोताखाली सोडियम ठिपक्यातून निसटते. म्हणून सोडियम सर्वांत आधी मोजतात आणि झोत मुद्दाम थोडा पसरट ठेवतात. गाभ्यापासून कडेपर्यंत असे ठिपके ओळीने घेतले की कोठीतल्या घडामोडींचा आलेख हाती येतो.

त्यापुढची पायरी म्हणजे स्फटिकाच्या एकेका थरातून सूक्ष्म ड्रिलने भुकटी काढून स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजणे. शिलारसाने वाटेत जुने खडक वितळवून घेतले असतील तर हे प्रमाण बदलते. मेलरॉय बोर्जेस, गौतम सेन, डी. चंद्रशेखरम आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या मोठ्या प्लेजिओक्लेजवर असे काम करून 2014 मध्ये प्रसिद्ध केले. एकाच स्फटिकात थरागणिक हे प्रमाण बदललेले त्यांना आढळले. म्हणजे तो स्फटिक वाढत असताना त्याच्याभोवतीचा रस बदलत होता.

आता वेळेचा प्रश्न. स्फटिक कोठीत किती काळ होता? मायकेल हिगिन्स आणि चंद्रशेखरम यांनी 2007 मध्ये जीपीबीतल्या स्फटिकांचे आकार मोजून हा मुक्काम काही शतके ते हजार-दीड हजार वर्षे असा काढला. अशा हिशेबाची सारी मदार वाढीच्या वेगावर असते. तो वर्षाला 0.003 मिलिमीटर धरला तर 3 सेंटिमीटरची सलग पट्टी व्हायला 10,000 वर्षे लागतात. वेग दहापट धरला तर 1,000 वर्षे पुरतात. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या कोठीत वेग नेमका कोणता होता, हे मोजायला कुणी नव्हते. आकारांवरून दख्खनचा सारा उद्रेक फार थोड्या काळात आटोपला असा दावाही 2006 मध्ये मांडला गेला. माझे मत असे, की आकारांवरून काढलेले घड्याळ सावधपणे वापरावे आणि स्फटिकाच्या थरांतल्या रचनेच्या साक्षीला जास्त वजन द्यावे. एकूण कालावधीसाठी तर किरणोत्सारी कालमापनच भरवशाचे. त्यातही प्लेजिओक्लेजच कामाला येतो : त्यातल्या आर्गॉनच्या मोजणीवरून कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पश्चिम घाटातल्या थरांची वये काढली. झिरकॉन या खनिजावरून ब्लेअर शोन यांच्या गटाने वेगळी मोजणी केली. दोघांचे तपशील जुळत नाहीत, पण मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आसपास किंवा त्याहून कमी काळात झाले, यावर दोघांचे एकमत आहे.

इतर खनिजांचीही साक्ष आहे. पायरॉक्सिनमधल्या सोडियम-अॅल्युमिनियमवरून दाब, म्हणजे पर्यायाने खोली काढतात, पण त्यात पाच-दहा किलोमीटरची चूक सहज राहते. ऑलिव्हीनमध्ये कधी शिलारसाचे सूक्ष्म थेंब कोंडलेले सापडतात आणि त्यांत वायू टिकून असतो. 2021 मध्ये आंद्रेस हर्नान्देस नावा यांच्या गटाने अशा थेंबांतला कार्बन डायऑक्साइड मोजला. 2023 मध्ये सारा कॅलेगारो यांच्या गटाने पायरॉक्सिनवरून गंधकाचा हिशेब मांडला. हे उद्रेक झाले त्या डायनासोरांच्या शेवटच्या काळात हवामान किती बिघडले असेल, याचे उत्तर अशा मोजणीतून मिळते.

हे ज्ञान नुसते भूतकाळाचे नाही. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सच्या 1980 ते 1986 मधल्या उद्रेकांतल्या पायरॉक्सिनच्या कडा तपासल्या, तेव्हा त्या कडा वाढण्याचा काळ भूकंपांच्या आणि वायूंच्या नोंदींशी जुळला. अंदमानातले बॅरन बेट हा भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी 1991 मध्ये पुन्हा पेटला. त्याच्या लाव्हातही प्लेजिओक्लेज भरपूर आहे, म्हणजे तिथल्या कोठीविषयीही स्फटिकांना विचारता येते.

आपल्या पट्ट्यात तर रोज कुठेतरी डोंगर कापला जातो. इमारतींचे पाये खणले जातात, रस्ते रुंद होतात, खडीच्या खाणी पुढे सरकतात. ताजा कातळ उघडा पडतो आणि थोड्याच दिवसांत काँक्रीटखाली जातो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : दहापट मोठे दाखवणारे भिंग खिशात ठेवा. कापलेल्या कातळात लांबट चमकत्या पट्ट्या दिसल्या तर जागामालकाला विचारून मुठीएवढा तुकडा घ्या. मंदिराच्या किंवा गडाच्या दगडाला मात्र हात लावू नका. तुकड्यावर लगेच जागा, फोनवरचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वर-खाली कोणता थर आहे ते लिहा आणि तो जवळच्या भूशास्त्र विभागात नेऊन द्या. जागेची नोंद नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला निरुपयोगी ठरतो.