सेकंदाला तीन जलदूत

लातूरची जलदूत आठवते? 2016चा एप्रिल. मिरजेहून पाण्याची गाडी सुटली, लातूरला पोचली आणि सारा देश टीव्हीसमोर बसून बघत राहिला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पुढे पन्नास. पन्नास वाघिणींत 25 लाख लिटर पाणी! तुडुंब भरलेल्या दोन मोठ्या विहिरीच म्हणा ना. आज हीच गाडी आपलं माप. चला, मोजायला घेऊ.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या हिशेबाप्रमाणे भारत वर्षाला सुमारे 245 अब्ज घनमीटर पाणी जमिनीखालून उपसतो. लिटरमध्ये सांगायचं तर 245 लाख कोटी. काही डोळ्यांपुढे येतं? नाही ना? मग गाड्या लावू. जवळजवळ 10 कोटी जलदूत! रात्र नाही, दिवस नाही, दिवाळीचीसुद्धा सुट्टी नाही, दर सेकंदाला तीन गाड्या भरून सुटायला हव्यात. गाडीची लांबी 600 मीटर धरा आणि सगळ्या एकामागे एक उभ्या करा. चंद्र कुठच्या कुठे मागे पडतो! 2003 साली मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता, तेवढं अंतरही ही रांग ओलांडते. आणि हा उपसा फक्त एका वर्षाचा, फक्त आपल्या देशाचा.

आता धरण घेऊ. कोयनेचा शिवसागर 105 टीएमसीचा. काठोकाठ भरलेला असा शिवसागर आपण दर साडेचार दिवसांनी जमिनीखालून रिकामा करतो. वर्षाला 82 कोयना!

हे पाणी साठवायला हौद बांधू. लांबी मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाएवढी, रुंदी एक किलोमीटर. खोली किती लागेल? अडीच किलोमीटरहून जास्त! त्यात कळसूबाईचं शिखर बुडेल आणि वर आणखी नऊशे मीटर पाणी उरेल. बाटलीबंद पाण्याचा 20 रुपये लिटरचा भाव लावला, तर बिल येतं 4,900 लाख कोटी रुपये. केंद्राचा 2024-25चा अर्थसंकल्प 48 लाख कोटींचा होता. असे शंभर अर्थसंकल्प जमिनीखालून वर येतात, दरवर्षी!

पाऊस यातलं बरंच परत भरतो. पण सगळीकडे नाही. ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह एकमेकांपासून 220 किलोमीटरवर उडत होते, मुंबई-पुणे हवाई अंतराच्या जवळजवळ दुप्पट लांब. एवढ्या अंतरातला केसाच्या जाडीहून बारीक फरक त्यांना कळायचा! जमिनीतलं पाणी घटलं की तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, त्याने या दोघांमधलं अंतर बदलतं, आणि ते यांनी अवकाशातून टिपलं. 2002 ते 2008 या सहा वर्षांत पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थान मिळून 109 घनकिलोमीटर भूजल गेलं. भरून न आलेल्या 36 कोयना!

उरलेलं पाणी तरी निर्धोक असावं. पण गंगेच्या खोऱ्यात पुष्कळ ठिकाणी त्यात आर्सेनिक आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे आपल्या त्या पन्नास वाघिणींच्या अख्ख्या गाडीत फक्त 25 ग्रॅम. याहून एक चिमूट जास्त पडली की 25 लाख लिटर पाणी पिण्यालायक राहत नाही. मला तर सगळ्या आकड्यांत हा सर्वांत भयंकर वाटतो, कारण तो सर्वांत लहान आहे.

आणि आता सर्वांत मोठा! श्वास रोखून धरा. 1993 ते 2010 या काळात जगाने उपसलेलं आणि परत भरून न आलेलं भूजल 2,150 अब्ज टन, असा अंदाज आहे. 86 कोटी जलदूत, 720 कोयना! त्यातलं बहुतेक अखेर समुद्रात गेलं. एवढं वजन जमिनीवरून समुद्रात हललं आणि पृथ्वीचा तोलच सरकला. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या की-वोन सेओ आणि सहकाऱ्यांनी 2023 साली हिशेब मांडला: पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याचा ध्रुव या उपशामुळे सुमारे 80 सेंटिमीटर पूर्वेकडे ढळला. पावणेदोन हात! यात सर्वांत मोठा वाटा दोन प्रदेशांचा: उत्तर अमेरिकेचा पश्चिम भाग आणि आपला वायव्य भारत. आपल्या मोटारपंपांनी पृथ्वीचा आस हलवला!

देशातल्या उपशापैकी सुमारे 87 टक्के पाणी शेतीला जातं. त्यात शंभर लिटरमागे फक्त दहा वाचवा, वर्षाला सात कोयना जमिनीत राहतील. तुमच्या शिवारात ठिबक अजून नसेल, तर या हंगामात बसवाच.